चीनमध्ये शिक्षक म्हणून राहणं : रोजचं आयुष्य कसं असतं?

निळीशाई

नमस्कार मंडळी. मी नाशिकला अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. चीनच्या जियांगसू प्रांतातल्या वूशी शहरातून, एका खाजगी द्विभाषिक शाळेकडून, ए-लेव्हलचं (ब्रिटिश पद्धतीच्या अकरावी-बारावीचं) फिजिक्स शिकवायला बोलावणं आलं आहे. पगार, घरभाडं, वर्षातून एकदा जाण्यायेण्याचं तिकीट हे सगळं करारात लिहिलेलं आहे. नवरा आणि आठ वर्षांची लेक सोबत येतील असं सध्या तरी चाललंय.

पगाराबद्दल मला काही विचारायचं नाही, ते मी बघून घेईन. मला हवाय तिथला साधा मंगळवार. सकाळी शाळेत गेल्यावर काय होतं, दुपारी काय खायचं, मुलं वर्गात कशी वागतात, आजारी पडलं तर कुठे जायचं, आईशी व्हिडिओ कॉल कसा करायचा. ज्यांनी तिथे शिकवलंय किंवा ज्यांच्या घरातलं कुणी तिथे आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

चिंचबोरं

वाचतेय. वाखूसा (वाचनखूण साठवली).

डोंगरवाट

ताई, मी सूचौला गणित शिकवतो. वूशीहून ट्रेनने जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं, म्हणजे आपण शेजारीच होणार.

रोजच्या आयुष्याआधी कागदपत्रांचं लिहितो, कारण ती चुकली तर पुढचं काहीच उरत नाही. तुम्हाला झेड, म्हणजे नोकरीच्या व्हिसावरच यायचं आहे. 'आधी बिझनेस व्हिसावर या, इथे आल्यावर बदलून देऊ' असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबा. झेड व्हिसावर आल्यावर वैद्यकीय तपासणी होते (रक्त, छातीचा एक्स-रे, ईसीजी), वर्क परमिट निघतं आणि आल्यापासून ३० दिवसांच्या आत निवासी परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. घरात राहायला गेल्यापासून २४ तासांच्या आत स्थानिक पोलिसांकडे नोंदणी करायची असते. हॉटेलात उतरलात तर हॉटेलवाले करतात, भाड्याच्या घरात ती जबाबदारी आपली. घर बदललं की पुन्हा नोंदणी.

परमिट त्या एका शाळेपुरतंच असतं. नोकरी बदलायची तर जुन्या शाळेकडून सोडल्याचं पत्र लागतं. ते किती दिवसांत देणार हे करारात लिहून घ्या. आणि परमिटवर विषय काय लावणार ते आजच विचारा. इंग्रजी भाषा शिकवायला ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया अशा इंग्रजी मातृभाषेच्या देशांचे लोक किंवा तिथली पदवी असलेले लागतात. आपल्या पासपोर्टवर आणि इथल्या पदवीवर भौतिकशास्त्र, गणित, रसायन हे विषय चालतात, त्या विषयाची पदवी आणि किमान दोन वर्षांचा अनुभव असला की.

अबोली

डोंगरवाट यांना +१. आमच्या ओळखीतला एक मुलगा विद्यार्थी व्हिसावर असताना बालवाडीत इंग्रजी शिकवायला लागला. संस्थेने सांगितलं होतं, सगळेच करतात. तपासणी झाली, त्याला दंड भरावा लागला, देश सोडावा लागला आणि शिक्षण अर्धवट राहिलं. संस्थेचं फारसं काही बिघडलं नाही. हे वाचणाऱ्या प्रत्येक तरुण मुलामुलीने लक्षात ठेवावं म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

टेम्सकाठ

मी पुण्यात जन्मलो, ब्रिटनमध्ये वाढलो आणि ब्रिटिश पासपोर्टवर शेनयांगच्या एका सरकारी प्राथमिक शाळेत इंग्रजी शिकवलं. तुमची शाळा खाजगी, त्यामुळे फरक असेल, पण मंगळवार मागितलात म्हणून मंगळवारच देतो.

सकाळी साडेसातला गेटवर मुलांची रांग, गळ्यात लाल रुमाल. समोर दिसलात की पाठीत वाकून खणखणीत 'लाओशी हाओ'! शिक्षकाला नमस्कार करण्यात टाळाटाळ नाही. दोन तासांनंतर अख्खी शाळा मैदानावर येते आणि लाउडस्पीकरवरच्या तालावर कवायत करते. ही प्रथा १९५१ पासूनची. थंडी फारच असेल तर धावायला लावतात. त्यानंतर मला सर्वांत आवडायचा तो डोळ्यांचा व्यायाम. स्पीकरवर संगीत आणि आकडे सुरू होतात, चाळीस-पंचेचाळीस मुलं डोळे मिटून भुवया, नाकाचा वरचा भाग, कानशिलं बोटांनी दाबत बसतात. १९६३ पासून चालू आहे. वर्गात चष्मेवाली मुलं खूप, त्यामुळे त्याने नंबर किती कमी होतो देव जाणे, पण गोंगाटाच्या दिवसात ती पाच मिनिटं सगळ्यांनाच हवी असतात.

साडेअकरा-बाराला जेवण, आणि मग झोप. होय, शाळेत झोप! मुलं बाकावर डोकं ठेवून झोपतात, अलीकडे काही शाळांनी मागे कलणाऱ्या खुर्च्या आणल्या आहेत. शिक्षकही खोलीत घडीची खाट उघडतात. त्या वेळात कुणाला फोन करू नका, बँकेच्या कामाला जाऊ नका. वर्ग झाडणं, फळा पुसणं, कचरा नेणं हे मुलंच पाळीपाळीने करतात, आणि कोणत्याही पालकाची त्यावर तक्रार मी ऐकली नाही.

माझा एकेका वर्गाला आठवड्यातून एकच तास. म्हणजे शेकडो मुलांची नावं. चिनी नावं मला जमेपर्यंत त्यांनी स्वतःला इंग्रजी नावं ठेवली होती. एका वर्गात एकाच वेळी पिझ्झा, टायगर आणि न्यूटन होते. न्यूटनचं गणित कच्चं होतं, पण गाणं झकास म्हणायचा.

खलबत्ता

न्यूटन आवडला :)

खाण्याबद्दल कुणीच लिहीत नाहीये म्हणून मी घुसते. आम्ही नवऱ्याच्या नोकरीमुळे शाओशिंगजवळ कछियाओला राहायचो. कापडाचा प्रचंड मोठा बाजार, त्यामुळे भारतीय व्यापारी खूप आणि तूरडाळ, बेसन, हिंग, सगळं दुकानात मिळायचं. यीवू आणि ग्वांगचौलाही तसंच. वूशीत तुमच्या दाराशी नसलं तरी ऑनलाइन मागवलं की घरी येतं.

पण खरं सांगायचं तर रोजच्या भाजीबाजारातच निम्मं काम होतं. दुधी, दोडका, कारलं, लांब चवळीच्या शेंगा, वांगी, मुळा, मोहरीचा पाला, कोथिंबीर, आलं, हिरवी मिरची. वाण्याकडे हिरवे मूग, शेंगदाणे, तीळ, तांदळाचं पीठ. कढीपत्ता नाही, ओलं खोबरं शोधावं लागतं, दही बहुतेक गोड असतं, म्हणून विनासाखरेचं नीट बघून घ्यायचं आणि त्याचंच विरजण लावायचं. मसाले आणि पोहे तेवढे इथून न्या. कुकर न्यायची गरज नाही, तिथे विजेवरचे चांगले मिळतात.

सकाळी रस्त्यावर च्येनबिंग मिळतं, तव्यावर पातळ पसरलेलं, आपल्या घावनासारखं, वर अंडं, कांद्याची पात आणि कुरकुरीत पापडी. लेकीला आवडेलच.

निळीशाई

खलबत्ता, फार फार आभार! आम्ही तिघंही शाकाहारी आहोत, अंडं चालतं. शाळेच्या कॅन्टीनमध्ये निभाव लागेल का?

डोंगरवाट

लागेल, पण पहिल्या दिवसापासून ठामपणे सांगा. तिथे भाजीतही चरबी किंवा खिमा चवीपुरता घालतात आणि त्यांच्या लेखी ती भाजीच असते. मापो टोफूत मांस असतं, हिरव्या भाज्यांवर बऱ्याचदा ऑयस्टर सॉस. बिनधास्त खाण्यासारखं म्हणजे टोमॅटो-अंडं, किसलेल्या बटाट्याची आंबट-तिखट भाजी, आणि तीसानश्येन, म्हणजे बटाटा, वांगं आणि ढोबळी मिरची. कॅन्टीनच्या मुख्य आचाऱ्याशी ओळख करून घ्या. माझ्या शाळेतल्या आचाऱ्याने माझ्यासाठी वेगळी कढई ठेवली आणि मला ते आजही मोठं वाटतं. बौद्ध मंदिरांजवळ शुद्ध शाकाहारी उपाहारगृहं असतात, तिथे कांदा-लसूणसुद्धा नसतो. वूशीजवळ लिंगशानला मोठी बुद्धमूर्ती आहे, तिकडे सुट्टीत जालच.

रानवारा

मला एक वेगळं मत मांडायचंय. मी तिथे राहिलेलो नाही, पण बहीण दोन शाळा बदलून परत आली. तिचं म्हणणं, परदेशी शिक्षक म्हणजे शाळेच्या जाहिरातीतला फोटो. प्रवेशाच्या दिवशी गेटवर उभं करायचं, पालकांशी हस्तांदोलन करायला लावायचं, आणि अभ्यासक्रमाच्या बैठकीला बोलवायचंच नाही. आदल्या रात्री दहा वाजता ग्रुपवर निरोप येतो की उद्या तुमचे तास रद्द, किंवा उद्या तुमचा खुला वर्ग आहे आणि तपासायला पंधरा लोक येणार. इतकी वर्षं शिकवलेल्या माणसाला हे सहन होतं का? निळीशाई ताईंनी हे गृहीत धरून जावं.

टेम्सकाठ

रानवारा, रात्री दहाचा निरोप शंभर टक्के खरा. ते फक्त परदेशी माणसाला नसतं, चिनी सहकाऱ्यांनाही तेव्हाच कळतं, कारण वरून तेव्हाच येतं. फोटोचंही सरकारी शाळेत बऱ्यापैकी खरं आहे. पण आठवड्याला एक तास देणारा भाषाशिक्षक आणि परीक्षेचा विषय शिकवणारा शिक्षक यांची तुलना करू नका. त्यांच्या निकालावर मुलांचं विद्यापीठ ठरतं.

डोंगरवाट

हेच लिहायला आलो होतो. ताई, तुमच्या वर्गातली मुलं काओखाओला बसणार नाहीत, परदेशातल्या विद्यापीठात जाणार आहेत. काओखाओ ही चिनी विद्यापीठांच्या प्रवेशाची जून ७ पासूनची परीक्षा, २०२४ मध्ये १ कोटी ३४ लाख मुलांनी नोंदणी केली होती. ती वाट सोडून आलेल्या घरांनी खूप पैसा आणि जीव लावलेला असतो. त्यामुळे तुम्हाला कुणी शोभेला ठेवणार नाही, उलट दर चाचणीनंतर पालक विचारतील.

वर्गाचं सांगतो. आकडेमोडीत ही मुलं अशी तयार असतात की पहिल्या महिन्यात तुम्ही खूश व्हाल. अडतं ते 'का' लिहायला लावलं की. वर्तुळाकार गतीचं उदाहरण चुटकीसरशी सोडवतील, पण बल केंद्राकडे का आहे हे इंग्रजीत तीन ओळींत लिहा म्हटलं की पेन थांबतं. ए-लेव्हलला तिथेच गुण जातात. मी दर आठवड्याला एक तास फक्त लेखी स्पष्टीकरणाला ठेवला.

वर्गात शंका कुणी विचारत नाही. चुकलं तर चारचौघांत मान खाली जाईल ही भीती. पण शिक्षकांची मोठी सामायिक खोली असते, एका इयत्तेचे सगळे शिक्षक तिथे बसतात, आणि मधल्या सुट्टीत तीच मुलं वही घेऊन तुमच्या टेबलाशी रांग लावतात. माझं खरं शिकवणं त्या टेबलावर होतं. ते टेबल सोडून घरी पळायची घाई करू नका एवढंच मागणं. संध्याकाळी निवासी मुलांचा स्वाध्याय नऊ-साडेनऊपर्यंत चालतो, त्यातली एखादी पाळी तुमच्याकडे येईल. ती करारात आहे का बघा.

आबा_वाईकर

सगळं वाचलं. मी चाळीस वर्षं शिकवून निवृत्त झालो. भौतिकशास्त्राचे चांगले शिक्षक आपल्याकडेच मिळत नाहीत. वाई, कोरेगाव, माण भागातल्या कनिष्ठ महाविद्यालयांत पदं रिकामी आहेत. शिवाय २०२० नंतर दोन देशांत काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. बेटा, जाऊ नकोस म्हणत नाही, पण इथलं सोडताना विचार कर.

निळीशाई

आबा, तुमचा मुद्दा मनाला लागला. मी गेली काही वर्षं तासिका तत्त्वावर आहे. पदं रिकामी आहेत, पण भरती नाही. इथे कायमची जागा मिळाली असती तर हा धागा काढलाच नसता.

आबा_वाईकर

मग जा. निर्धास्त जा.

सोलापुरी_चादर

आबा, तुम्ही दोन देशांचं काढलंत म्हणून थोडं अवांतर. आमच्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले हे सगळ्यांना ठाऊक असतं. ते तिथे शिक्षकही होते हे फारसं कुणी सांगत नाही. कॅनडाचे डॉक्टर नॉर्मन बेथ्यून यांच्या नावाच्या वैद्यकीय विद्यालयात ते शस्त्रक्रिया शिकवत, तीही चिनी भाषेत. आधी भाषा शिकले, मग वर्गात उभे राहिले. ९ डिसेंबर १९४२ ला गेले तेव्हा वय अवघं ३२. शिजियाचुआंगला त्यांचं स्मारक आहे, त्यांच्या नावाचं वैद्यकीय विद्यालय आहे आणि तिथले लोक त्यांना ख दीह्वा या नावाने ओळखतात. इकडे भैया चौकात त्यांच्या घरी स्मारक केलंय, सोलापूरला आलात तर नक्की बघा.

ताई, तुमच्या शाळेतल्या वयस्कर शिक्षकांपुढे हे नाव घेऊन बघा.

खलबत्ता

सोलापुरी_चादर, अंगावर काटा आला. आमच्या कछियाओच्या घरमालकांना हे नाव शाळेच्या धड्यापासून माहीत होतं. भाडं कमी केलं नाही, पण दर नववर्षाला डंपलिंगचा डबा यायचा, मुद्दाम कोबी आणि अंड्याचे केलेले.

कुनमिंगकर

मी योगशिक्षिका. कुनमिंगच्या युन्नान मिन्झू विद्यापीठात २०१५ मध्ये भारत-चीन योग महाविद्यालय सुरू झालं आणि त्या आसपास बरेच भारतीय योगशिक्षक चीनभर पसरले. मी एका खाजगी योगशाळेत शिकवायचे. शाळेचा अनुभव नाही, म्हणून घरगुती गोष्टी सांगते.

थंडी! कुनमिंग बारा महिने वसंत, पण वूशीचा जानेवारी शून्याजवळ जातो आणि घरात हीटिंग नसतं. चीनमध्ये हुआई नदीच्या उत्तरेला सरकारी हीटिंग, दक्षिणेला नाही. वूशी दक्षिणेत. त्यामुळे शेनयांगच्या बर्फात लोक घरात टी-शर्टवर असतात आणि वूशीत मुलं वर्गात जाड कोट घालून बसतात. थर्मल, लोकरी मोजे, रबरी गरम पाण्याची पिशवी. एसीने हवा गरम होते, फरशी नाही.

गरम पाण्याची बाटली सगळ्यांच्या हातात असते. घसा दुखतोय, पोट दुखतंय, रडू येतंय, सगळ्यावर सल्ला एकच, गरम पाणी प्या. पहिल्या वर्षी चिडचिड व्हायची, आता मी नाशकातल्या चुलत बहिणीलाही तेच सांगते.

आईशी कॉल : व्हॉट्सॅप, गूगल, यूट्यूब तिथे बंद. आणि तिथे ज्यावर सगळं जग चालतं ते वीचॅट २०२० पासून आपल्याकडे बंद. म्हणजे आईच्या फोनवर वीचॅट नाही आणि तुमच्या फोनवर व्हॉट्सॅप नाही. भारतीय सिम आंतरराष्ट्रीय रोमिंगवर चालू ठेवलं तर त्यावर व्हॉट्सॅप चालतं, म्हणून तो नंबर बंद करू नका, ओटीपीलाही लागतो. दोघींकडे आयफोन असेल तर फेसटाइम. वेळेचा फरक अडीच तास, त्यामुळे तुमचं रात्रीचं जेवण झालं की आईची संध्याकाळची दिवाबत्ती. हे जमतं छान.

अबोली

दवाखान्याचं कुणी सांगा ना.

कुनमिंगकर

मोठी सरकारी रुग्णालयं. आधी फोनवरून नोंदणी आणि पैसे, मग डॉक्टर, मग तपासणीचे पैसे, मग तपासणी, पुन्हा डॉक्टर. एका सकाळी सगळं होतं, रिपोर्टसकट. गर्दी भयंकर, आणि डॉक्टर तुमच्याशी बोलत असताना पुढचा पेशंट खांद्यावरून डोकावत असतो. पहिल्यांदा सोबत सहकारी न्या. शाळेचा विमा काय काय भरतो ते लेखी घ्या, लेकीसाठी वेगळं विचारा.

टेम्सकाठ

पासपोर्टवरच्या नावाचं राहिलं. बँक, सिम आणि अलिपे (फोनवरून पैसे द्यायचं अ‍ॅप), तिन्हीकडे नाव एकाच क्रमाने आणि एकाच स्पेसने टाकायला लावा. आपली लांबलचक नावं त्यांच्या रकान्यात मावत नाहीत, कुणी आडनाव आधी टाकतं, कुणी सगळं जोडून टाकतं, आणि मग अलिपे म्हणतं हा माणूस तो नाही. एकदा जुळलं की पाकीट घरी विसरलात तरी चालतं, भाजीवालीसुद्धा क्यूआर कोडवर.

निळीशाई

लेकीचं काय करावं याने रात्री झोप येत नाही. स्थानिक शाळेत घालावं का?

डोंगरवाट

आठव्या वर्षी भाषा येते, ती काळजी सोडा. माझ्या मुलाला पहिल्या दिवाळीपर्यंत शेजारची मुलं दारातून हाका मारायला लागली होती. पण सरकारी शाळेत चिनी अक्षरांचा गृहपाठ प्रचंड, आणि परत भारतात यायचं असेल तर दोन वर्षांनी मराठी-हिंदीची गाडी पुन्हा रुळावर आणावी लागेल. बहुतेक खाजगी शाळा शिक्षकांच्या मुलांना फीमध्ये सवलत देतात. तुमच्या करारात नसेल तर आत्ता मागा, सही झाल्यावर कुणी देत नाही.

नवऱ्याचं : ते एस-१, म्हणजे कुटुंबीयांच्या व्हिसावर येतील, त्यावर तिथे नोकरी करता येत नाही. घरून भारतातलं काम करायचा विचार असेल तर त्यांनी सल्लागाराला विचारावं, ग्रुपवरच्या ऐकीव माहितीवर जाऊ नये.

रानवारा

आधीचं माझं मत थोडं एकांगी होतं असं दोघातिघांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून सांगितलं. बहिणीला विचारलं. तिच्या दोन शाळांपैकी पहिली खरं म्हणजे शिकवणी केंद्र होतं. जुलै २०२१ मध्ये सरकारने शालेय विषयांच्या नफ्यावर चालणाऱ्या शिकवण्यांवर बंदी घातली, तेव्हा ते महिन्याभरात बंद पडलं आणि शेवटचा पगार बुडाला. त्यामुळे माझा सल्ला बदलून एवढाच : ही नोंदणीकृत शाळाच आहे ना, हे ताईंनी पक्कं करावं. दुसऱ्या शाळेबद्दलची तिची तक्रार मात्र कायम आहे, बैठकीला न बोलावण्याची. मला ती अजूनही रास्त वाटते.

टेम्सकाठ

रास्तच आहे. भाषा थोडी आली की दार उघडतं, तोवर नाही. बैठका चिनीत होतात.

चिंचबोरं

सुट्ट्यांचं काय? दिवाळी?

कुनमिंगकर

दिवाळीला शाळा चालू. एक ऑक्टोबरपासून राष्ट्रीय दिनाचा आठवडा मिळतो, पण त्यातल्या काही दिवसांच्या बदल्यात आधीच्या-नंतरच्या शनिवार-रविवारी काम करावं लागतं. २०२५ पासून वर्षाच्या सरकारी सुट्ट्या ११ वरून १३ झाल्या, बदलीचे रविवार अजून आहेतच. रविवारी गुरुवारचं वेळापत्रक, हे डोक्यात बसायला वेळ लागतो. वसंतोत्सवाला, म्हणजे चिनी नववर्षाला, शाळांना जवळजवळ महिनाभर सुट्टी. सगळा देश गावी जातो, शहर ओस, भाजीवाले बंद. तेव्हाच घरी या, तिकीट मात्र फार आधी काढा. ऑक्टोबर २०२५ पासून थेट विमानं पुन्हा सुरू झाली आहेत, कोलकाता आणि मग दिल्लीहून ग्वांगचौ.

आणि शिक्षक दिन तिथे १० सप्टेंबरला असतो. म्हणजे तुम्हाला ५ तारखेला नाशिकच्या मुलांचे निरोप आणि पाच दिवसांनी वूशीच्या मुलांची कार्डं.

निळीशाई

सगळ्यांचे मनापासून आभार. काल शाळेशी बोलले. परमिटवर भौतिकशास्त्र, नोंदणीकृत शाळा, आठवड्यात एक संध्याकाळ स्वाध्यायाची पाळी, लेकीला फीमध्ये सवलत द्यायला तयार झाले, पूर्ण माफी नाही. सोडल्याच्या पत्राची मुदत करारात घालतील. नवऱ्याला पहिले चार महिने इथेच थांबायला लागेल, तेवढं दोघांनी मान्य केलं. आम्ही जायचं ठरवतोय.

आता पदवीच्या साक्षांकनाला किती वेळ धरू?

डोंगरवाट

अभिनंदन! दोन-तीन महिने धरा. क्रम असा : आधी राज्य सरकारचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालय, मग मुंबईतला चिनी वाणिज्य दूतावास. पोलिस प्रमाणपत्र पासपोर्ट कार्यालयातून काढा, पण फार लवकर नको, ते जुनं झालं तर पुन्हा काढायला लावतात. पदवी लॅमिनेट केलेली असेल तर त्यावर शिक्का बसत नाही, आधी विद्यापीठातून दुसरी प्रत मागवा. ते आजच बघा, त्यालाच सगळ्यात जास्त वेळ लागतो.

निळीशाई

लॅमिनेट केलेली आहे! उद्याच पुणे विद्यापीठात अर्ज टाकते.